अडतिसाव्या वर्षी पोरगा

गवताने भरलेली गाडी चालली आहे. वर बाप-लेक बसले आहेत. बापाजवळ भलंमोठं बास, लेकीच्या हाती व्हायोलिन. गावोगाव वाजवून पोट भरायचं तर मुलीची जात आड येते, म्हणून लेक इट्के टोपी-विजार चढवून ‘यिडल’ झाली आहे. ‘यिडल मितन फिडल’ हा 1936चा यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला, बोलपट मी इट्के झालेल्या मॉली पिकनचं काम बघायला पुन्हा पुन्हा लावते.

पिकन तेव्हा अडतीस वर्षांची होती. चण ठेंगणी, डोळे टपोरे. ती पुरुष व्हायला जातच नाही. ती पोरगा होते, चपळ आणि खोडकर. अवघड भाग पुढे आहे. इट्केचा जोडीदार वादक फ्रोइमवर जीव जडतो. आता त्याच्यासमोर पोरगाच राहायचं आणि आपल्याला मात्र मुलगी दिसू द्यायची. पिकन हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर सांभाळते. वॉर्सात गेल्यावर कथा ढिली पडते, पण पिकन पडत नाही.

ही सहजता कमावलेली होती. पिकन न्यूयॉर्कची, वाढली फिलाडेल्फियात. आई यिद्दिश नाटकवाल्यांचे कपडे शिवायची. 1918च्या फ्लूच्या साथीत बॉस्टनमधली थिएटरं बंद पडली, तेव्हा तिची गाठ यिद्दिश नाटक कंपनी चालवणाऱ्या जेकब कालिचशी पडली. पुढच्या वर्षी लग्न झालं. तिच्या यिद्दिशला अमेरिकन वळण होतं. ते घालवायला कालिच तिला युरोपात घेऊन गेला, तिथल्या प्रेक्षकांसमोर उभं केलं. ‘यांकेले’ या नाटकातला पोरगा तिने तिथे गाजवला, मग यिद्दिश नाटकांचा रस्ता असलेल्या न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूवर मानाने परतली. नटीने भाषेसाठी एवढं करावं, याचं मला फार मोल वाटतं.

‘यिडल’चं बाहेरचं चित्रण पोलंडमधल्या काझिमिएश डोल्नी गावी झालं. पडद्यावरच्या गर्दीत तिथलेच ज्यू लोक आहेत. 1942मध्ये नाझींनी तिथली ज्यू वस्ती संपवली.

युद्धानंतर पिकन आणि कालिच युरोपातल्या निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन खेळ करत हिंडले. 1971च्या ‘फिडलर ऑन द रूफ’मध्ये ती लग्नं जुळवणारी येंटे झाली. आपल्याकडे तिला कोणी ओळखत असेल तर बहुधा या इंग्रजी भूमिकेमुळे. ती भूमिका छानच आहे, पण त्यात पिकनची पुरती ताकद दिसत नाही. यिद्दिशचा एक शब्द कळत नसला तरी चालेल, तुम्ही आधी ‘यिडल’ बघा.