चूल पेटवावी एकाने, विझवावी शेवटी

लग्नघरी मांडवामागे मोठी चूल पेटते. भोवती चार आचारी. कोणी भात पाहतो, कोणी वरण, कोणी पुऱ्या तळतो. कामे निरनिराळी, विस्तव मात्र एकच. आता तुम्हीच सांगा, ही चूल पेटवायची कुणी आणि विझवायची केव्हा? प्रश्न साधा दिसतो खरा. पण संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना यानेच पुष्कळदा जेरीस आणले आहे.

एकच प्रोग्रॅम एका वेळी अनेक कामे करू शकतो. कामाच्या अशा प्रत्येक ओघाला 'थ्रेड', म्हणजे धागा म्हणतात. हे धागे आपले आचारी. आणि दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला, हवा त्याने वापरावा असा तयार भाग म्हणजे 'लायब्ररी'. इथे पुस्तके नसतात बरं का! स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ साली 'कर्ल' हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्यातूनच निघालेली 'लिबकर्ल' ही लायब्ररी एका संगणकावरची माहिती दुसऱ्याकडे नेण्या-आणण्याचे काम करते. ही आपली चूल.

लिबकर्ल वापरण्याआधी तिची मांडामांड करावी लागते. त्या आज्ञेचे नाव 'कर्ल_ग्लोबल_इनिट'. समजा, ही आज्ञा धाग्यांवरच सोपवली. पहिला धागा बघतो : चूल पेटलेली नाही. तो काडी ओढणार, तोच दुसराही बघतो : पेटलेली नाही. मग दोघेही पेटवू लागतात आणि एकाने रचलेली लाकडे दुसरा उधळतो. बरे, आज्ञा द्यायची विसरलात, तर पहिल्या वापराच्या वेळी लिबकर्ल स्वतःच मांडामांड करून घेते. ही सोय एकट्या धाग्याला ठीक. अनेक धागे असले की तोच घोटाळा पुन्हा होतो.

या दोषाची खोड अशी की तो रोज दिसत नाही. शंभर वेळा तपासा, सारे सुरळीत. गर्दीच्या दिवशी मात्र प्रोग्रॅम अचानक कोसळतो, आणि कारण काही केल्या सापडत नाही. म्हणून नियम असा : इतर धागे सुरू होण्यापूर्वी मुख्य धाग्याने एकदाच मांडामांड करावी.

आवराआवरीचेही तसेच. तिची आज्ञा 'कर्ल_ग्लोबल_क्लीनअप'. एकाच्या पुऱ्या कढईत असताना दुसऱ्याने चुलीत पाणी ओतले तर काय होईल? तेव्हा आपले काम संपले एवढ्यावर कुणी चूल विझवू नये. मुख्य धाग्याने सर्वांचे काम संपेपर्यंत थांबावे, मगच आवरावे.

कधी एकाच प्रोग्रॅमचे दोन भाग, एकमेकांना नकळत, लिबकर्ल वापरतात. त्यासाठी लिबकर्ल मोजणी ठेवते. जितक्या वेळा मांडले तितक्याच वेळा आवरायचे. शेवटच्या आवरण्यालाच चूल खरोखर विझते.

२०२२ साली निघालेल्या ७.८४.० या आवृत्तीपासून, संगणकाची सोय असेल तिथे, लिबकर्ल ही मांडामांड आतून कुलूप लावून करते. दुसरा धागा आला तर तो थांबून राहतो. पण जुन्या आवृत्त्यांना ही सोय नाही. शिवाय कढईत कुणाच्या पुऱ्या आहेत, हे त्या कुलपाला कसे कळावे? ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच पाहावे लागते.

गुरुजी, वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन मुलांना सांगा, "फळ्यावर तारीख नसेल तर लिही." दोघांनाही कोरा फळा एकदाच पाहू द्या, मग डोळे मिटून लिहायला लावा. तारीख दोनदा उमटेल, एकीवर एक. आता विचारा, चूक कुणाची? पहिल्याची नाही, दुसऱ्याचीही नाही. लिहायचे काम एकालाच नेमून दिले नाही, ही चूक. एवढे मुलांना उमजले, की धड्यातले निम्मे काम झाले म्हणून समजा.