पावसाळी मुलुखांतील जुनीं घरें आणि सिमेंट-काँक्रीट

वलवण हें गांव लोणावळ्यास लागून, बोरघाटाच्या अगदीं माथ्याजवळ वसलेलें आहे. गांवाचें नांव बहुतेकांच्या कानांवर असतें तें तेथील धरणामुळें. टाटांच्या जलविद्युत्-योजनेचा प्रारंभ १९११ सालीं झाला व १९१५ पासून येथील तळ्यांचें पाणी नळांवाटे घाटाखालीं खोपोलीस उतरून मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरवूं लागलें. धरणास हीच जागा कां निवडली, याचें एक उत्तर येथील पावसांत आहे. लोणावळ्यास वर्षाकाठीं सरासरीनें ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. मुंबईपेक्षां दीडपटीहून जास्त. आणि तोहि बहुतेक सगळा चार महिन्यांत. ज्या पावसानें दूरच्या गिरण्या चालल्या, तोच पाऊस गांवांतल्या घरांच्या भिंतींची व छपरांची दरवर्षीं परीक्षा घेतो. या परीक्षेंत जुनें चुन्या-दगडाचें घर कसें टिकतें, आणि त्याला सिमेंटाची जोड दिली असतां काय होतें, हें आपल्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस समजावून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मावळांतील जुनें घर म्हणजे काळ्या दगडाच्या जाड भिंती, मातींत किंवा चुन्यांत रचलेल्या. लांकडी खांब, तुळया, वासे. आणि वर कौलें. प्रथम नळीचीं कौलें असत. १८६५ सालीं बाझल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला आणि पुढें तीं चपटीं, खांचेचीं कौलें सर्व पश्चिम किनाऱ्यावर व घाटमाथ्यावर पसरलीं. चुना तयार करण्यासाठीं वर्तुळाकार चरांत बैलाकडून दगडी चाक फिरवीत. त्यास घाणी म्हणत. चुना, वाळू व विटांची पूड म्हणजे सुरखी अशी त्या घाणींत पुष्कळ वेळ मळली जाई. असा चुना सावकाश घट्ट होतो, पण त्याच्या अंगीं एक मोठा गुण आहे: तो ओल पितो आणि ऊन पडलें कीं ती परत सोडतो. आश्विन-कार्तिकांत भिंत आपोआप वाळते. वर कौलांचा तीव्र उतार, पुढें आलेली पागोळी, खालीं उंच जोतें. म्हणजे पाणी भिंतीवर येऊंच नये आणि आलेंच तर थांबूं नये, अशी ती सगळी योजना होती.

सिमेंटाची रीत याहून निराळी आहे. इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं ज्या सिमेंटाचें पेटंट घेतलें, तें पाण्याशीं संयोग पावून थोड्याच दिवसांत दगडासारखें कठीण होतें. आपल्या पश्चिम भागांत पोरबंदर येथें १९१४ सालीं त्याचें उत्पादन सुरू झालें. दाब सोसण्यास काँक्रीट बळकट, पण ताण पडला कीं तें तडकतें. म्हणून त्यांत लोखंडी गज घालतात. आतां एक प्रश्न साहजिकच मनांत येईल. उघडें लोखंड पावसांत एका रात्रींत तांबडें होतें, मग ओल्या काँक्रीटांत तें वर्षानुवर्षें कसें राहतें? याचें कारण असें कीं सिमेंट घट्ट होतांना त्यांत चुन्याचा अंश मोकळा होतो, त्यामुळें काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतें, आणि अशा अल्कधर्मी परिसरांत लोखंडाच्या अंगावर एक अत्यंत पातळ संरक्षक पापुद्रा बसतो. तो असेपर्यंत गंज लागत नाहीं.

परंतु हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु काँक्रीटाच्या सूक्ष्म छिद्रांतून आंत शिरत असतो व त्या चुन्याचें खडूसारख्या निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करतो. अल्कधर्म गेला कीं लोखंडाचें कवचहि गेलें. हा वायु किती खोल गेला, हें काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतें, असा ढोबळ नियम आहे. गणिताची आवड असणाऱ्या मुलांनीं हें करून पाहावें: पहिल्या दहा वर्षांत तो १० मिलिमीटर गेला असेल, तर २० मिलिमीटर जाण्यास चाळीस वर्षें व ४० मिलिमीटर जाण्यास एकशें साठ वर्षें लागतील. म्हणजे गजावरील काँक्रीटाचा थर दुप्पट केला कीं आयुष्य दुप्पट नव्हे, चौपट होतें. आणि आमच्याकडे स्लॅब घालतांना नेमका हाच थर चोरला जातो! सळया ठोकळ्यांवर उचलून ठेवण्याऐवजीं फळ्यांवर तशाच पसरल्या, वरून बिगारी चालत गेले, कीं खालीं अर्धा बोटभरहि काँक्रीट राहत नाहीं.

वलवणच्या हवेंत या गोष्टीला विशेष धार येते. काँक्रीट पूर्ण भिजलेलें असतांना वायु आंत जाऊं शकत नाहीं, आणि अगदीं कोरडें असतांना गंज चढत नाहीं. येथें वर्षाचे सात-आठ महिने कोरडे, तेव्हां वायु आपलें काम करून जातो. मग चार महिने सतत ओल, तेव्हां गंज आपलें काम करतो. गंजलेलें लोखंड मूळच्यापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतें. त्या फुगण्यानें काँक्रीट आंतून तडकतें, प्रथम गजाच्या रेषेनें बारीक भेग दिसते, तांबूस डाग उमटतो, आणि एके दिवशीं छताचा खपला खालीं पडतो. तो रिकाम्या खोलींत पडेल, कीं मुलें निजलेल्या अंथरुणावर पडेल, हें कोणीच सांगूं शकत नाहीं.

समुद्रकांठीं शत्रु आणखी एक: मीठ. खाऱ्या वाऱ्यांतील क्लोराइड गजापर्यंत पोंचलें कीं काँक्रीटाचा अल्कधर्म शाबूत असूनहि तो संरक्षक पापुद्रा फाटतो. शिवाय मीठ गंज लावण्यांत खर्ची पडत नाहीं. तेथेंच राहून पुन्हां पुन्हां तेंच काम करतें. गोव्यांत पणजीनजीक मांडवी नदीवर १९७० च्या सुमारास बांधलेला काँक्रीटचा पूल ५ जुलै १९८६ रोजीं कोसळला, त्याच्या मुळाशीं आंतल्या ताणलेल्या पोलादी तारांचा गंजच होता. इतका मोठा पूल सोळा वर्षें तग धरूं शकला नाहीं, मग खाडीची न धुतलेली वाळू घालून बांधलेल्या घराच्या सज्जाची काय कथा! घाटमाथ्यावर समुद्राचा वारा खारा राहत नाहीं खरा. पण खाडीची वाळू गाडींत भरून वर आली, तर समुद्रच घरांत आणल्यासारखें होतें. अलीकडे काळा दगड चुरून केलेली वाळू मिळते, ती या दृष्टीनें निर्धोक आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. काँक्रीटासंबंधीं भारतीय मानक क्रमांक ४५६ (सन २०००) यांत परिसराचे पांच वर्ग केले आहेत. त्यांतील तिसऱ्या, ‘तीव्र’ वर्गांत समुद्रकिनाऱ्याची हवा आणि जोराचा पाऊस हीं दोन्ही एकत्र घातलीं आहेत. म्हणजे पावसाखालीं उघड्या असलेल्या भागांपुरतें वलवणचें घर हें अलिबागच्या घराचें सख्खें भावंडच ठरतें. या वर्गास गजावर ४५ मिलिमीटरांचा थर, आणि पाणी सिमेंटाच्या वजनाच्या ०.४५ पटीहून अधिक नाहीं, असा दंडक आहे. ५० किलोंच्या एका गोणीस हें पाणी साडेबावीस लिटर होतें, व त्यांत भिजलेल्या वाळूंतलें पाणीहि धरावयाचें. सिमेंटास संयोगासाठीं खरोखर लागणारें पाणी याहूनहि कमी असतें; जास्तीचें पाणी पुढें उडून जातें आणि आपल्या मागें छिद्रें ठेवतें. काँक्रीट सहज ओतलें जावें म्हणून गवंडी आणखी एक बादली मागतो. ती बादली नाकारणें हें घरमालकाचें पहिलें कर्तव्य होय. उलट, काँक्रीट घट्ट झाल्यावर मात्र पाणी मारण्यांत कुचराई करूं नये: साध्या सिमेंटास किमान सात दिवस, राखमिश्रित सिमेंटास दहा.

आतां जुन्या घराकडे वळूं. कौलें काढून वर स्लॅब घालावा, हा मोह बहुतेक कुटुंबांस होतो. वानरांचा उपद्रव, दरसालची शाकारणी व महागलेलें लांकूड पाहतां तो समजण्यासारखाहि आहे. पण आधीं वजन पाहावें. तीन मीटर रुंद व चार मीटर लांब खोलीवर १०० मिलिमीटर जाडीचा स्लॅब सुमारें तीन टन भरतो. तितक्याच खोलीवरचें कौलारू छप्पर लांकडासकट साधारण एक टनाच्या आंतबाहेर. मातींत रचलेल्या दगडी भिंतींस हा भार पेलेलच असें नाहीं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या व ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत दगड-मातीच्या भिंती कशा ढांसळल्या, आणि किल्लारीस त्यांवरच्या जड माळवदांनीं माणसें कशीं चिरडलीं, हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. अशा घरांत काँक्रीटाचा खरा उपयोग निराळा आहे. दारांच्या माथ्यावरून सर्व भिंतींवर अखंड फिरणारा गज घातलेला पट्टा घातला, तर तो पेटीच्या दोरीप्रमाणें चारी भिंती एकत्र बांधून ठेवतो. स्लॅब हवाच असेल, तर जाणत्या अभियंत्याकडून पाया तपासून त्याचा भार स्वतंत्र खांबांवर द्यावा.

दुसरा मोह सिमेंटाच्या गिलाव्याचा. चुन्याची भिंत पोपडे टाकूं लागली कीं तिला घट्ट सिमेंटनें लिंपून टाकतात. त्या वर्षापुरती ती नवी दिसते. परंतु जमिनींतून चढलेली ओल आंत कोंडली जाते, वाट न मिळाल्यामुळें आणखी वर चढते, लोणा धरतो, आणि भिंतींत रोवलेलीं तुळयांचीं टोंकें कुजूं लागतात. वरून रंग स्वच्छ, आणि आंत लांकडाचा भुगा. चुन्याच्या भिंतीस चुन्याचाच गिलावा द्यावा. चुना मळणारे कारागीर अलीकडे विरळ झाले आहेत, तरी शोधल्यास मिळतात. सिमेंटाचें काम न्हाणीघरास, गटारास व घराभोंवतींच्या उतरत्या फरसबंदीस ठेवावें.

ज्यांच्या घरीं स्लॅब आधींच आहे व खपले पडूं लागले आहेत, त्यांनीं वरून नुसता गिलावा मारून घेऊं नये. गंज त्याच्या मागें चालूच राहतो. हातोडीनें ठोकून पाहावें, पोकळ आवाज येईल तो भाग खालीं टेकू देऊन गजाच्या मागच्या बाजूपर्यंत फोडावा, गज घासून चकचकीत करावा, फार झिजला असल्यास जोडगज द्यावा आणि मगच नवा माल भरावा. ताज्या फोडलेल्या जागेवर आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेंतलें फिनॉल्फ्थॅलीन शिंपडलें तर निरोगी काँक्रीट गुलाबी होतें. जेथें रंग येत नाहीं तेथवर वायु पोंचला असें समजावें. किनाऱ्यावर मात्र गुलाबी रंगावर विसंबूं नये, कारण मीठ या परीक्षेंत सांपडत नाहीं. आणि मीठ मुरलेल्या स्लॅबास एका ठिकाणीं ठिगळ लावलें तर त्याच्या कडेलाच नवा गंज धरतो.

लोणावळ्यापासून कोंकणापर्यंत आतां अनेक गच्च्यांवर पत्र्याचीं उतरतीं छपरें दिसतात. सपाट गच्चींतून पाणी झिरपूं लागलें, म्हणून लोक पुन्हां उताराकडे वळले. हा उपाय चांगला आहे. मात्र त्या छपराचे लोखंडी खांब बसवितांना स्लॅब भोंकें पाडून फोडूं नये. ते खांब कठड्याच्या भिंतीवर किंवा निराळ्या चौथऱ्यांवर उभे करावे, आणि पन्हळीचें पाणी नळानें थेट गटारांत सोडावें.