धातूचे अंतरंग – लेखांक ९ : चिवटपणा कुठे हरवतो?

गेल्या लेखांकात ७०७५ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची ताकद पाहिली. आज चिवटपणा पाहू. न वाकता, न तुटता धातू किती ताण सोसतो, ती त्याची ताकद. अंगात आधीच चीर असताना किती सोसतो, तो चिवटपणा. विमानाच्या भागांना वापरात चीर पडणारच, असे धरून हिशेब करतात. त्यामुळे तिथे दुसऱ्या गुणाला पहिल्याइतकेच मोल आहे.

पूर्ण ताकदीच्या, म्हणजे टी६ अवस्थेतल्या ७०७५चा चिवटपणा लांबीच्या दिशेने ओढताना साधारण २९ भरतो, जाडीच्या दिशेने ओढताना जेमतेम २०. (एकक : मेगापास्कल गुणिले मीटरचे वर्गमूळ.) एकाच तुकड्यात एवढा फरक पडतो, कारण फोर्जिंगमध्ये, म्हणजे तापलेला धातू डायच्या साच्यात ठोकताना, धातूचे स्फटिककण लांबट होतात आणि लाकूड जसे रेषेवर फुटते तशी चीर त्यांच्यामधून सहज धावते. डायच्या दोन भागांच्या सांध्यातून जादा धातू फ्लॅश होऊन बाहेर पडतो. तिथे या रेषा वळून पृष्ठभागावर उघड्या पडतात. १९६०च्या दशकात विमानांच्या फोर्जिंगना गंज आणि ताण एकत्र येऊन ज्या चिरा गेल्या, त्यांत ही जागा बदनाम झाली. डाय आखतानाच हा सांधा मुख्य ताणाच्या जागेपासून दूर ठेवायला हवा.

दुसरी गोष्ट तापमानाची. पुणे-चाकण पट्ट्यातला फोर्जिंग उद्योग पोलादावर वाढला. पोलादाचा लाल-पिवळा रंग पाहून जुना कारागीर तापमान सांगतो. ॲल्युमिनियम चारशे अंशांवरही रंग बदलत नाही, म्हणून इथे थर्मोकपलवाचून गत्यंतर नाही. थंडावलेला धातू ठोकत राहिले, तर पुढच्या भट्टीत त्यात जाड नवे स्फटिककण वाढतात आणि चिवटपणा घटतो.

काही गोष्टी मात्र फोर्जिंगवाल्याच्या हातात नसतात. मिश्रधातूतले लोह तांब्याशी मिळून ठिसूळ, जाड कण बनवते. ते कोणत्याही भट्टीत विरघळत नाहीत आणि भार येताच आधी तडकतात. ७०७५मध्ये लोह ०.५ टक्क्यापर्यंत चालते. त्याच घराण्यातल्या ७४७५मध्ये ते ०.१२ टक्क्यावर रोखले आहे, आणि त्याचा चिवटपणा वाढण्यात याचा मोठा वाटा आहे.

माझ्या मते सगळ्यांत जास्त चिवटपणा हरवतो तो भट्टीच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंतच्या अंतरात. सुमारे ४७० अंशांवर जस्त आणि मॅग्नेशियम धातूत विरघळलेले असतात. जॉब पाण्यात बुडवून त्यांना तसेच कोंडायचे असते. विमान उद्योगाचे एएमएस २७७० हे मानक जाड जॉबला दार उघडू लागल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत १५ सेकंदच देते. वाटेत धातू ४०० ते २९० अंशांच्या टप्प्यात रेंगाळला, की विरघळलेले अणू स्फटिककणांच्या सीमांवर गोळा होतात. सीमेवर जाड कण बसतात, लगतची पट्टी मऊ राहते आणि चिरेला आयता रस्ता मिळतो. ताकदीच्या चाचणीत हे फारसे दिसत नाही, चिवटपणाच्या चाचणीत लगेच दिसते.

मग पाणी बर्फासारखे गार का ठेवत नाहीत? कारण मोठे फोर्जिंग बाहेरून आधी निवते आणि आतल्या ताणांमुळे मशिनिंग करताना वाकडे होते. म्हणून टाकीतले पाणी ६०-७० अंश ठेवतात, आणि थोडा चिवटपणा तिथेही जातो. या पेचातून वाट काढली ७०५० या मिश्रधातूने. ७०७५मधल्या क्रोमियमच्या कणांवर हळू थंड होताना नको ते कण जमतात, म्हणून त्यात क्रोमियमऐवजी झिरकोनियम घातले. जाड भागाचे अंतरंग सावकाश निवले, तरी त्याला तेवढा धक्का बसत नाही. आतले ताण घालवायला एजिंगपूर्वी, म्हणजे धातू मंद आचेवर पिकवण्यापूर्वी, जॉब थंड अवस्थेत १ ते ५ टक्के दाबून घेण्याची पद्धतही आहे.

एजिंगचे थोडक्यात सांगतो. १२० अंशांवर २४ तास ठेवले की टी६. आधी सुमारे १०७ आणि मग १७५ अंशांच्या आसपास, अशा दोन टप्प्यांत जास्त पिकवले की टी७३. यात ताकद १० ते १५ टक्के जाते, पण चिवटपणा सुधारतो आणि गंजाच्या चिरांची भीती जवळपास संपते. विमानाच्या जाड भागासाठी हा सौदा मला निर्विवाद पटतो.

तपासणीत नुसत्या हार्डनेसवर विसंबू नका. कमी पिकलेल्या आणि जास्त पिकलेल्या जॉबचा हार्डनेस सारखा येऊ शकतो. सोबत विद्युतवाहकता मोजा. टी७३मध्ये ती प्रमाणित तांब्याच्या किमान ३८ टक्के असावी लागते. आणि ड्रॉइंग तुमच्या हातात असेल, तर चिवटपणाची चाचणी सर्वांत जाड जागेतून, जाडीच्या दिशेने कापलेल्या नमुन्यावर मागा.