वेचणीनंतरचे गुडघे
दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी जोरात असते. कमरेला ओटी बांधून बाया दिवसभर वाकतात नि संध्याकाळी गुडघे धरून बसतात. एवढं राबल्यावर आणखी व्यायाम कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

शेतकामात सांध्यांवर भार पडतो, पण गुडघ्याला आधार देणारे मांडीचे स्नायू त्यातून पुरेसे बळकट होतातच असं नाही. शिवाय सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीमुळे आतलं वंगण खेळतं आणि तिचं पोषण होतं. म्हणून झिजेच्या संधिवातात गुडघा आखडून बसणं नुकसानीचंच. डेन्मार्कमध्ये 2013 पासून अशा रुग्णांना माहिती आणि देखरेखीखालचा व्यायाम देणारा कार्यक्रमच चालतो.

अशा व्यायामाला घरी बाज आणि खुर्ची पुरते. पाठीवर झोपून एक पाय दुमडायचा, दुसरा ताठ ठेवून वीतभर उचलायचा, पाच आकडे मोजून सावकाश खाली आणायचा. सुरुवात पाच-सहा वेळांनी. मग खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं. थोडं दुखलं तर घाबरू नये. दुखणं दोन तासांहून जास्त टिकलं, तर दुसऱ्या दिवशी व्यायाम कमी करावा. स्थूल माणसाचं वजन एक किलोने उतरलं, तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो.

चालण्याचा व्यायामही करता येतो, पण वैशाखात चालायचं ते उन्हं चढण्याआधीच.

सांधा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा सोबत ताप असेल, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे.