मिनी-व्हिप की लूप? शॉर्टवेव्हसाठी अ‍ॅक्टिव्ह अँटेना निवडताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर.

आजचा प्रश्न साधा आहे. फ्लॅटमध्ये राहतो, गच्चीवर वीस मीटर वायर ताणायला सोसायटी परवानगी देत नाही. मग शॉर्टवेव्हसाठी छोटा अ‍ॅक्टिव्ह अँटेना घ्यायचा का, आणि कुठला?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. शहरात अँटेना किती पकडतो यापेक्षा तो काय बाहेर ठेवतो, हे बघून पैसे घाला.

इतका छोटा अँटेना चालतो कसा?

१० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३० मीटर. ७७.५ किलोहर्ट्झला तीच जवळजवळ ३.९ किलोमीटर होते. आणि अँटेना काडेपेटीएवढा! तरी चालतो, कारण ३० मेगाहर्ट्झच्या खाली हवेतच भरपूर खरखर असते: जगभरातल्या विजा, आणि आपले चार्जर, एलईडी दिवे, राउटर. रेडिओची स्वतःची खरखर त्यापुढे किरकोळ. छोटा अँटेना स्टेशनही कमी पकडतो आणि हवेतली खरखरही त्याच प्रमाणात कमी पकडतो. दोघांमधलं अंतर तेवढंच राहतं. अँटेनालगतचा अ‍ॅम्प्लिफायर फक्त हे बारीक सिग्नल केबलमधून नीट खाली आणतो. त्याच्यामुळेच तो 'अ‍ॅक्टिव्ह'.

म्हणूनच 'जास्त गेन' या जाहिरातीला भुलू नका. रेल्वे स्टेशनवरच्या गर्दीत मित्राचा आवाज रेकॉर्ड करून व्हॉल्यूम वाढवला, तर गर्दीचाही आवाज वाढतो.

मिनी-व्हिप

हे डिझाइन नेदरलँड्सच्या पीए०आरडीटी या हॅमचं. तांब्याच्या पत्र्याचा छोटा तुकडा आणि त्याला चिकटून एक बफर सर्किट, बस. तो विद्युत क्षेत्र पकडतो, म्हणजे तो तुकडा आणि 'जमीन' यांच्यातलं व्होल्टेज मोजतो. गोम या 'जमीन' शब्दातच आहे. केबलची बाहेरची जाळी घरातल्या वायरिंगला जोडलेली असेल, तर घराची सगळी खरखर त्या मोजमापात घुसते. अँटेना कितीही उंच लावा, ती जाणार नाही.

उपाय असा: तो इमारतीपासून दूर आणि उंच लावा, खांबाच्या पायथ्याशी केबलची जाळी जमिनीत ठोकलेल्या रॉडला जोडा, घराकडे येणाऱ्या केबलवर फेराइट चोक घाला. हे जमलं तर निकाल उत्तम मिळतो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर मिनी-व्हिपवरच चालतो, आणि तो तुम्ही फोनच्या ब्राउझरमध्ये फुकट ऐकू शकता. मोड सीडब्ल्यू ठेवा आणि ७७.५ किलोहर्ट्झजवळ जा. जर्मनीच्या डीसीएफ७७ या वेळ सांगणाऱ्या स्टेशनचा सूर दर सेकंदाला क्षणभर दबतो, मिनिटाचा शेवटचा सेकंद सोडून.

लूप

लूप म्हणजे तारेचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं कडं. स्वस्तातला एमएलए-३० साधारण ६० सेंटिमीटर व्यासाचा असतो. लूप चुंबकीय क्षेत्र पकडतो, त्यामुळे त्याला 'जमीन' लागत नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत हा मोठा फायदा.

दुसरा फायदा त्याहून मोठा. उभ्या कड्याच्या सपाट बाजूकडून जमिनीलगत येणारा सिग्नल खूप कमी होतो. शेजारच्या इन्व्हर्टरची खरखर एकाच दिशेने येत असेल, तर ती सपाट बाजू तिकडे करा. लांबची शॉर्टवेव्ह स्टेशनं आयनोस्फियरवरून परतून, वरून येतात, म्हणून ती सहसा तितकी दबत नाहीत. मात्र खरखर सगळ्या भिंतींमधल्या वायरिंगमधून येत असेल, तर लूप फिरवून फार काही हाती लागत नाही.

जवळचं ट्रान्समीटर

दोन्ही प्रकारांना एक दुखणं सारखंच: अ‍ॅम्प्लिफायर गुदमरतो. पुण्यात आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर आहे. तेच स्टेशन १५८४ वरही ऐकू आलं, तर अ‍ॅम्प्लिफायर किंवा रेडिओ ओव्हरलोड होतोय असं समजा. अशा वेळी आधी लूप फिरवून बघा, किंवा मिनी-व्हिप थोडा खाली आणा. मीडियमवेव्ह अडवणारा फिल्टर रेडिओ गुदमरत असेल तरच कामाचा, कारण तो अ‍ॅम्प्लिफायरच्या नंतर बसतो.

खरेदीआधीची चाचणी

बॅटरीवरचा रेडिओ घ्या आणि घरातला मेन स्विच बंद करा. खरखर गेली, तर गुन्हेगार घरातच आहे. एकेक एमसीबी चालू करत त्याला शोधा. एखादा चार्जर बदलणं कुठल्याही अँटेनापेक्षा स्वस्त पडतं.

दोन अँटेनांची तुलना करताना एस-मीटर बघू नका. तो फक्त गेन दाखवतो. स्टेशन आणि शेजारच्या रिकाम्या जागेतली खरखर यांच्यातलं अंतर बघा. एकाच स्टेशनवर पटापट अदलाबदल करा, कारण शॉर्टवेव्हवर सिग्नल काही सेकंदांत वरखाली होतो. आणि एका फेरीवर निकाल देऊ नका, दहा-बारा वेळा करा.

थोडक्यात, बाल्कनी असेल तर लूप. गावाकडे मोकळं अंगण आणि स्वतंत्र अर्थिंग असेल तर मिनी-व्हिप, विशेषतः लो फ्रिक्वेन्सीसाठी. गच्चीवर काहीही लावलंत तरी वीज कडाडायच्या आधी केबल काढून ठेवा.

तुमच्या घरात खरखर नेमकी कशातून निघाली, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!