जुन्या गाडीला नवे दिवे? जरा थांबा!

मैत्रिणींनो, गाडीच्या हेडलाइटवर लेख लिहायला बसले तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, लोणच्यावर लिही, भरतकामावर लिही. मोटारीतलं तुला काय कळतंय?" त्यांचं खोटं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी चावी फिरवली की गाडी चालू होते, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. पण या सहा महिन्यांत दोन प्रसंग असे आले, की हा विषय नुसता पुरुषमंडळींवर सोडून चालायचं नाही अशी माझी खात्री झाली.

पहिला प्रसंग जानेवारीतला. वाईला नात्यातलं लग्न होतं. जेवणंखाणं आटोपून रात्री अकराच्या सुमारास साताऱ्याला परत निघालो. आमची गाडी लहानशी, २००९ सालची. मागच्या सीटवर दोन्ही मुलं झोपलेली. पाचवडच्या अलीकडे रस्त्यात एकदम काहीतरी काळंशार दिसलं. ह्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी थांबली ती उसानं भरलेल्या ट्रॉलीच्या मागं, जेमतेम दोन हातांवर! ट्रॉलीला मागं दिवा नव्हता हे खरं. पण आमच्या दिव्यांचा उजेड तरी कुठं पडत होता? घरी येईपर्यंत कुणी चकार शब्द बोललं नाही.

पुढच्याच रविवारी ह्यांनी बाजारातून एलईडीचे बल्ब आणून बसवले. काय तो पांढराशुभ्र झोत! अंगण नुसतं उजळून निघालं. आम्ही सगळे खूष.

दुसरा प्रसंग त्यानंतर पंधरा दिवसांनी. शिकवणी संपवून मी स्कूटरवरून घरी येत होते. आमच्या कॉलनीकडं वळणारा रस्ता अरुंद, त्यावर दिवे नाहीत. समोरून एक गाडी आली आणि तिचा उजेड असा डोळ्यांत घुसला की रस्ता कुठं संपतो तेच दिसेना. स्कूटर खाली मातीत उतरली, कशीबशी पाय टेकून सावरली, पण पेपरांचा गठ्ठा रस्ताभर झाला. ती गाडी थांबली, दार उघडलं, आणि उतरले कोण? आमचे हेच!

"अहो, तुम्ही?"

"अगं, मी डिप्परवरच होतो!" हे म्हणाले. आणि ते खरं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या दिव्यांनी माझी मुलं वाचावीत म्हणून खर्च केला, त्याच दिव्यांनी दुसऱ्याची मुलं खड्ड्यात घातली असती तर? दुसऱ्याच दिवशी आम्ही ओळखीच्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडं गाडी नेली. त्यांनी शांतपणे जे समजावलं, आणि मग मी विचारून-वाचून जे गोळा केलं, ते तुम्हाला सांगते.

आधी काच पाहा

कंदिलाची काच काजळली की आपण वात मोठी करत बसतो का? आधी काच पुसतो. इथंही तेच. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीच्या हेडलाइटवर असते ती काच नव्हे, प्लॅस्टिक. उन्हानं ते पिवळं आणि धुरकट होतं, मग आतला उजेड आतच अडतो. गॅरेजमध्ये पाण्याचा पॉलिश पेपर, त्यानंतर रबिंग कंपाउंड लावून ते पुन्हा स्वच्छ करतात. वरून उन्हापासून जपणारं कोटिंग मात्र आठवणीनं करून घ्या, नाहीतर थोड्याच महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येतो. टूथपेस्टनं घासायचा उपाय म्हणजे चार दिवसांची चमक.

आतला रिफ्लेक्टरही बघून घ्या. आरशासारखा चकचकीत असेल तर ठीक. काळवंडला असेल तर कुठलाही बल्ब घाला, उजेड पडणार नाही. पूर्ण हेडलाइटच बदलावा लागतो. आणि फडक्यानं तो रिफ्लेक्टर पुसायला मात्र जाऊ नका. त्याचा मुलामा फार नाजूक असतो.

मग वायर

हा भाग मला नवा होता. गाडी जुनी झाली की वायरी, स्विच, जोड यांत विजेला होणारा अडथळा वाढतो आणि बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतच नाही. हॅलोजन बल्बाचं गणित असं, की व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड तीसएक टक्के घटतो! इलेक्ट्रिशियनकडून गाडी चालू ठेवून बॅटरीपाशी आणि बल्बापाशी व्होल्टेज मोजून घ्या. दोन्हींत बराच फरक असेल तर रिले आणि फ्यूज असलेलं वेगळं वायरिंग बसवून मिळतं. त्यानं बॅटरीची वीज थेट दिव्यापर्यंत जाते आणि स्विचवरचा भारही कमी होतो. आमच्या गाडीचं निम्मं दुखणं इथंच होतं.

बल्ब कोणता घ्याल?

जुन्या लहान गाड्यांत बहुधा एच-४ नावाचा बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. म्हणजे अप्परला साठ, डिप्परला पंचावन्न. तुमच्या गाडीचा कोणता ते गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तेवढ्याच वॅटचा, चांगल्या नावाचा घ्या आणि दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. १००/९० वॅटचे मिळतात, पण त्यांच्या उष्णतेनं होल्डर आणि वायरी वितळतात. निळसर काचेचे दिसायला छान. पण तो निळा रंग थोडा उजेड स्वतःच खातो.

बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा राहिला की तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच बोट, तर स्पिरिटनं पुसा.

एलईडी वाईट का?

एलईडी वाईट नाही. नव्या गाड्यांत असते, पण तिथं हेडलाइटची घडणच तिच्यासाठी केलेली असते. एच-४ बल्बात दोन तारा असतात. डिप्परच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. त्या वाटीमुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. एलईडीचा दिवा नेमका त्या तारेच्या जागी बसत नाही. मग उजेड इकडंतिकडं विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याला वाटतं झगझगीत आहे. लांबचा रस्ता मात्र तितका उजळत नाही.

कायदाही हेच सांगतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दिव्याचा झोत असा खाली वळलेला हवा, की ८ मीटरवरच्या माणसाचे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवरचे डोळे दिपू नयेत. दीड मीटर म्हणजे साधारण आपल्याच डोळ्यांची उंची की हो!

भिंतीवरची परीक्षा

एवढं करून शेवटचं काम फुकटातलं. संध्याकाळी सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. चाकांत हवा बरोबर हवी, आणि चालवणारा जागेवर बसलेला. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूनं खूण करा. डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. डाव्या बाजूला ती थोडी वर चढते, ते बरोबरच आहे. आपण डावीकडून चालतो, तिकडची कडा दिसायला हवी. कमीजास्त असेल तर गॅरेजवाला स्क्रू फिरवून पाच मिनिटांत बसवून देतो. आणि डिक्कीत सामान भरून गावी निघालात, तर गाडी मागं दबते आणि झोत वर जातो. डॅशबोर्डवर दिवे खालीवर करायचं चाक असेल तर ते तेव्हा वापरा.

आम्ही एलईडी काढले. प्लॅस्टिक घासून घेतलं, रिलेचं वायरिंग केलं, साधे ६०/५५ चे नवे बल्ब घातले. सगळं मिळून एका बऱ्या साडीच्या किमतीत झालं.

काम झालं त्या रात्री मी स्कूटर घेऊन त्याच वळणावर उभी राहिले आणि ह्यांना म्हटलं, "आता डिप्परवर या." गाडी आली. उजेड माझ्या पायाशी आला, गुडघ्यापर्यंत चढला, आणि तिथंच राहिला. मला रस्ता दिसत होता, रस्त्याची कड दिसत होती, आणि काचेमागं ह्यांचा चेहराही.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "झाले का गं दिवे चांगले?"

म्हटलं, "हो. दोन्हीकडून चांगले झाले."