दमा आणि लांब श्वास

मळणीचे दिवस असतात. खळ्यावर भुसा उडतो. दमेकरी माणसाला धाप लागते. छातीत घरघर सुरू होते. भोवतीची माणसे म्हणतात, "घाबरू नकोस. लांब श्वास घे, म्हंजे मोकळं वाटंल."

सल्ला मायेचा आहे. पण त्याने दमा उतरतो का?

आपल्या फुप्फुसांत हवा नेणाऱ्या बारीक नळ्या आहेत. त्यांच्याभोवती स्नायूंचे वेढे असतात. वेढे आवळले की नळी अरुंद होते. नळीची रुंदी निम्मी झाली, तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, जवळजवळ १६ पट वाढतो!

निरोगी माणसाने लांब श्वास घेतला, की फुप्फुस फुगते. फुगताना ते नळ्यांना चहूकडून बाहेर ओढते. वेढे सैल पडतात, नळी रुंद होते. अमेरिकेतील नॅडेल व टिअर्नी या डॉक्टरांनी १९६१ साली हे मोजून दाखवले. पुढे १९९५ साली तिथेच आणखी एक प्रयोग झाला. निरोगी माणसांना काही वेळ लांब श्वास घेऊ दिला नाही. मग नळ्या आवळणारे औषध हुंगायला दिले. तेव्हा त्यांच्याही नळ्या दमेकऱ्यांसारख्या आवळल्या. म्हणजे निरोगी माणसाला लांब श्वासाचा मोठा आधार असतो.

दमेकऱ्याला हा आधार पुरत नाही. त्याच्या नळ्यांना आतून सूज असते. वेढे नीट सैल पडत नाहीत. पडले, तरी लगेच पुन्हा आवळतात. काही जणांची नळी तर लांब श्वासानंतर जास्तच अरुंद होते. ओली गाठ ओढली की घट्ट बसते ना, तसेच.

मग करावे काय? दमेकऱ्याला धुळीतून बाजूला न्या. ताठ बसवा, आडवे निजवू नका. डॉक्टरांनी दिलेला पंप त्यांनी शिकवल्याप्रमाणे घेऊ द्या. पंप घेताना श्वास सावकाश, लांब ओढावा लागतो, बरं का! पण तो औषध आत नेण्यासाठी. नळी मोकळी करते ते औषध.

पंपाने उतार पडला नाही, धापेमुळे वाक्य पुरे बोलवेना, ओठ निळे पडले, तर वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा. आणि सुजेवरचे रोजचे औषध बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडू नका.